त्या दिवशी बाबा भानावर होते का? विमा पॉलिसीचा नॉमिनी बदलणं आणि मनःस्थितीचा वाद

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा सांगते. वडील 76 वर्षांचे, चार वर्षं स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) औषधं चालू. गेल्या पावसाळ्यात घरात पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी, हॉस्पिटलच्या खाटेवरच, तीन विमा पॉलिसींच्या नॉमिनी बदलाच्या अर्जांवर त्यांच्या सह्या झाल्या. तिन्ही पॉलिसींत आधी आईचं नाव होतं. आता 12 आणि 9 लाखांच्या दोन पॉलिसींत तुमच्या थोरल्या भावाचं नाव आहे आणि 6 लाखांच्या तिसरीत धाकट्या काकांचं. दिवाळीनंतर वडील गेले. भाऊ म्हणतो, बाबांनी स्वतःहून केलं, शिवाय कुलमुखत्यारपत्रही माझ्याच नावाने होतं. तुमचा प्रश्न असा, की बाबांना डिमेन्शिया होता याचे कागद आहेत, तेवढ्यावर हा बदल रद्द होईल ना?

तेवढ्यावर होणार नाही. पण तुमची बाजू कमजोर आहे असंही नाही. मी बावीस वर्षं मुंबईत वारसा आणि विम्याचे दावे चालवते आहे, त्याआधी सहा वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात होते. या वादांत लोक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी ‘बाबा वेडे होते’ हे सिद्ध करायला निघतात. आधी बघायचं ते हे, की नॉमिनी बदलल्यामुळे कायद्याने नक्की कोणाचं काय गेलं.

विमा कायदा 1938 च्या कलम 39 मध्ये नॉमिनीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं, की नॉमिनी म्हणजे कंपनीकडून पैसे घेणारा हात, पैसे वारसांचे. पुढे विमा कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने बदल झाला. पॉलिसीधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कोणाला नॉमिनी केलं असेल, तर तो नॉमिनी स्वतःच लाभार्थी ठरतो. या यादीत पॉलिसीधारकाचा भाऊ नाही, पुतण्या नाही, सून नाही, मित्र नाही.

तुमच्या काकांचं कोडं इथेच बरंचसं सुटतं. ते तुमच्या वडिलांचे भाऊ, म्हणजे यादीबाहेरचे. उद्या कंपनीने त्यांच्या हातात 6 लाख ठेवले तरी ते वारसांसाठी सांभाळायचे पैसे आहेत. मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर आई, भाऊ आणि तुम्ही असे तीन समान वाटे, प्रत्येकी 2 लाख. (वडिलांची आई हयात असेल तर चार.) काकांनी पूर्वी वडिलांना पैसे उसने दिले होते असं भाऊ म्हणतो. तसं असेल तर काकांनी ते येणं वेगळं सिद्ध करावं. नॉमिनीत नाव घातल्याने उसनवारी फिटत नाही. या तिसऱ्या पॉलिसीपुरता वडिलांच्या मनःस्थितीचा वाद तुम्हाला घालायचीही गरज नाही.

भावाचं तसं नाही. मुलगा यादीत आहे. त्यामुळे 21 लाखांच्या त्या दोन पॉलिसींत नॉमिनी बदल टिकला तर पैसे त्याचे, असा कलमाचा सरळ अर्थ निघतो. दुरुस्तीनंतरही इतर वारसांचा हक्क उरतो का, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. म्हणून तुमचा वकील तो मुद्दा दाव्यात पर्यायी म्हणून घेईलच, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. इथे त्या दिवशीची मनःस्थिती महत्त्वाची आहे.

आणि आता थोडं कडू. समजा बदल रद्द झाला. मग जुनं नामांकन उभं राहतं आणि त्यात नाव आहे आईचं. पत्नी म्हणून तीही लाभार्थी नॉमिनीच. म्हणजे हा लढा तुम्ही जिंकलात तर 21 लाख आईला मिळतील, तुम्हाला नाही. तुमच्या सबंध प्रश्नात ‘आम्ही’ आहे, ‘मी’ आहे, भाऊ आहे. आईला काय वाटतं याबद्दल एक ओळ नाही. त्याकडे शेवटी येते.

त्याआधी एक कागद तपासा. मूळ पॉलिसी बॉण्डवर विवाहित महिला मालमत्ता कायदा 1874 चा उल्लेख आहे का ते बघा. विवाहित पुरुषाने त्या कायद्याच्या कलम 6 खाली बायकोमुलांसाठी पॉलिसी घेतली असेल, तर ती पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठीचा ट्रस्ट होते, म्हणजे पैसे त्यांच्यासाठी राखलेले. तिला कलम 39 लागूच होत नाही आणि नॉमिनी बदलाच्या अर्जाला काही किंमत उरत नाही. धंदेवाईक लोक आणि कर्ज असलेले लोक अशा पॉलिसी घेतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात दोन वर्षं डॉक्टरांचे दाखले गोळा करून झाल्यावर बॉण्डच्या पहिल्या पानावरचा तो शेरा कोणाच्या तरी नजरेस पडला.

आता मुख्य प्रश्न. कलम 39 मध्ये मनःस्थितीची व्याख्या नाही, त्यामुळे आम्ही दोन जवळच्या मोजपट्ट्या लावतो. एक करार कायदा 1872 चं कलम 12: माणूस त्या वेळी ती गोष्ट समजू शकत होता का आणि तिचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विचार करू शकत होता का. दुसरी भारतीय वारसा कायदा 1925 चं कलम 59, जे मृत्युपत्राबद्दल आहे: आजारपणाने, नशेने किंवा इतर कशाने आपण काय करतोय हेच कळत नसेल तर मृत्युपत्र करता येत नाही. दोन्हींत भर आहे तो ‘त्या वेळी’ यावर. कलम 12 तर स्पष्टच सांगतं, की एरवी भान नसलेला माणूस मधल्या भानाच्या काळात करार करू शकतो, आणि एरवी धडधाकट माणूस तापाच्या भ्रमात असेल तर करू शकत नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 च्या कलम 3 मध्येही हेच तत्त्व आहे: मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही.

म्हणून चार वर्षांची डिमेन्शियाची फाईल ही फक्त पार्श्वभूमी. न्यायाधीश विचारणार तो प्रश्न असा, की पाचव्या दिवशी, अर्जावर सही झाली त्या तासाला, तुमच्या वडिलांना काय कळत होतं?

काय कळायला हवं होतं, तेही फार मोठं नाही. आपली विम्याची पॉलिसी आहे, आपल्या मागे तिचे पैसे येणार आहेत, आज तिथे बायकोचं नाव आहे, ते काढून मुलाचं घालतोय, म्हणजे बायकोला ते पैसे मिळणार नाहीत. एवढं समजणं, तेवढा वेळ लक्षात धरणं, त्यावर स्वतःचा काही विचार असणं आणि तो सांगता येणं. आजची तारीख किंवा पंतप्रधानांचं नाव आलं नाही म्हणून ही समज नाही असं होत नाही. स्मरणशक्तीच्या 30 गुणांच्या चाचणीत 17 मिळाले की माणूस अक्षम, असा हिशोब कोणी मांडला तर मानू नका. ते गुण शिक्षणावर, भाषेवर, अगदी कानाचं यंत्र लावलं होतं की नाही यावरही हलतात.

लालबागचे एक गिरणी कामगार होते. निदान झालेला स्मृतिभ्रंश, नातवंडांची नावं चुकायची. त्यांनी नॉमिनी बदलून धाकट्या मुलीचं नाव घातलं. मी मोठ्या मुलाच्या बाजूने होते. त्या दिवशीच्या बोलण्याचं शेजाऱ्याने केलेलं चित्रीकरण आम्हाला मिळालं. म्हातारबाबा सांगत होते, की थोरल्याला खोली दिली, मधल्याला गावची जमीन दिली, ही राहिली. वर्ष चुकलं, पण हिशोब चुकला नव्हता. मी अशिलाला समोर बसवून सांगितलं, की हा दावा लढवायचा नाही. तो माझ्यावर रागावून गेला. आजही मला तोच सल्ला बरोबर वाटतो.

दुसरं उदाहरण अगदी उलट. निवृत्त शिक्षिका, कसलंही मानसिक निदान नाही, शब्दकोडी सोडवणाऱ्या. मोठ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नॉमिनी बदलाचा अर्ज. नर्सिंगच्या नोंदीत पहाटे चारला लिहिलेलं होतं, की पेशंट आपण घरी आहोत असं समजते, सलाईनची नळी ओढते, हात बांधले. सकाळी साडेदहाला पुन्हा तीच नोंद. अर्जावरची सही अकराची. इथे निदानाचा प्रश्नच आला नाही. नर्सच्या दोन ओळी पुरल्या आणि प्रकरण तडजोडीत मिटलं.

तुमच्या वडिलांचं प्रकरण मला या दुसऱ्या प्रकारच्या जवळचं वाटतं. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर वृद्धांना भ्रम होणं, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात, हे फार आढळतं, आणि आधीपासून डिमेन्शिया असेल तर धोका आणखी वाढतो. वेदनाशामक, झोपेची औषधं, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, यांतलं काहीही त्याला पुरतं. पण डिलिरियमचा स्वभाव असा, की तो दिवसभरात चढतो-उतरतो. सकाळी माणूस नीट बोलतो, संध्याकाळी आपल्याच मुलीला ओळखत नाही. भावाचा वकील नेमकं हेच म्हणणार, की सही झाली तेव्हा बाबा शुद्धीवर होते. म्हणून दिवस पुरेसा नाही, तास हवा.

तो तास तुम्हाला डिस्चार्ज कार्डात सापडणार नाही. पूर्ण इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाची सगळी फाईल मागा. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता (कोणतं औषध किती वाजता), रक्ताचे रिपोर्ट, मानसोपचार किंवा न्यूरॉलॉजीचा सल्ला घेतला असेल तर त्याची चिठ्ठी, आणि भेटायला कोण कधी आलं याची वॉर्डातली नोंद असेल तर तीही. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल पेशंटचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपायचे आहेत आणि मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे आहेत. लेखी अर्ज आईच्या सहीने, पोचपावती घेऊन. तीन वर्षं म्हणजे खूप वेळ असं समजू नका.

फॅमिली डॉक्टरकडून आज ‘ते तेव्हा मानसिकदृष्ट्या सक्षम नव्हते’ असा दाखला आणण्याच्या भानगडीत पडू नका. त्या दिवशी ज्याने तपासलं नाही त्याचा नंतरचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही आणि तुमचे चांगले कागदही संशयित करतो. भावाकडेही ‘शुद्धीवर आणि सही करण्यास योग्य’ असा कागद असेल. तो असला म्हणून धीर सोडू नका. कोणी मागितला, कोणत्या डॉक्टरने, कोणत्या वेळी, आणि त्याने तपासलं काय, ते विचारायचं. हाडांच्या वॉर्डातला निवासी डॉक्टर नाव विचारून तसा दाखला देऊ शकतो. पेशंटला नॉमिनी म्हणजे काय हे कळतंय का, हे त्याने विचारलेलं असण्याची शक्यता कमी असते.

विमा कंपनीकडचेही कागद आहेत. अर्ज कोणाच्या हस्ताक्षरात भरला, साक्षीदार कोण, एजंट हॉस्पिटलात कोणाच्या फोनवरून आला, शाखेत अर्ज कोणी नेऊन दिला. तीन अर्जांवरच्या सह्या शेजारी ठेवून बघा, बोटं थरथरत होती का, की तिसऱ्यापर्यंत सही नुसती रेघ झाली. बदल ऑनलाइन झाला असेल तर त्याआधीच्या महिन्याभरात नोंदणीकृत मोबाईल नंबर किंवा ईमेल बदलला का, हा सगळ्यात महत्त्वाचा धागा. ओटीपी वडिलांच्या फोनवर आला, पण फोन कोणाच्या खिशात होता? असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि व्हिडिओ मूळ फोनवरून पुसू नका.

सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? कायदा प्रत्येक प्रौढ माणसाला शहाणा धरून चालतो. म्हणून सुरुवात तुमच्याकडून. पण त्या दिवसांत वडील बहुतांश वेळ भ्रमात होते एवढं तुम्ही दाखवू शकलात, तर मधला भानाचा काळ होता हे दाखवणं भावावर येतं.

मनःस्थितीबरोबर दबावाचा मुद्दाही वेगळा मांडा. लोक दोन्ही एकत्र कालवतात. करार कायद्याचं कलम 16 सांगतं, की वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक त्रासाने समज कमी झालेल्या माणसावर ज्याची हुकमत चालते, त्याने तिचा गैरफायदा घेतला तर तो अनुचित प्रभाव. वडिलांना सगळं कळत होतं, तरीही ते ज्याच्या हातून जेवत होते त्याला नाही म्हणू शकत नव्हते, असंही असू शकतं. पण सेवा करणं म्हणजे दबाव नव्हे, हेही लक्षात घ्या. भाऊ चार वर्षं रात्रपाळी करून बाबांना संडासला नेत असेल, तर बापाला त्याच्यासाठी काही करावंसं वाटणं अगदी माणसासारखं आहे. मग आईला पूर्ण वगळलं का, हा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न तुमच्या बाजूचा आहे.

कुलमुखत्यारपत्राबद्दल भाऊ जे सांगतो त्यात त्याचाच तोटा आहे. करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यार नेमणाऱ्याचं भान गेलं की ते अधिकारपत्र संपतं. म्हणजे वडील सक्षम असतील तर सही त्यांचीच हवी, आणि नसतील तर भावाची सही चालत नाही.

आता करायचं काय. उद्याच कंपनीच्या संबंधित शाखेत आईच्या सहीचं पत्र द्या: या तारखेचा नॉमिनी बदल आम्हाला मान्य नाही, त्या वेळी विमाधारक अमुक हॉस्पिटलात अमुक अवस्थेत होते, क्लेम देऊ नये. दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे पत्र मिळाल्याचा शिक्का घ्या. ईमेलही करा. घाई यासाठी, की नोंदलेल्या नॉमिनीला कंपनीने सद्भावनेने पैसे देऊन टाकले तर नंतर कंपनीला सहसा जबाबदार धरता येत नाही, मग फक्त भावाच्या मागे लागायचं. परस्परविरोधी दावे आले तर कलम 47 खाली कंपनीला रक्कम न्यायालयात भरण्याची सोय आहे. पण मी क्लेम खात्यात बसलेली आहे म्हणून सांगते, नुसत्या पत्रावर फाईल फार दिवस थांबत नाही. ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ असं उत्तर येतं. म्हणून पत्रामागोमाग दावा आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज तयार हवा. विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाण्यात वेळ घालवू नका. तिथे काम कागदांवर चालतं, आणि नर्सची, एजंटची, डॉक्टरांची उलटतपासणी झाल्याशिवाय तुमचा प्रश्न सुटणारा नाही.

एवढ्या रकमेचा दावा मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात जातो. भाऊ कांदिवलीला राहतो असं तुम्ही लिहिलंय, तर बहुधा त्याच न्यायालयाच्या दिंडोशी शाखेत. महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महिलांना मालमत्तेच्या वादात कोर्ट फीची सवलत आहे. ती या दाव्याला कशी बसवायची ते वकिलाला आधीच विचारा. मुदत साधारणपणे बदलाची माहिती झाल्यापासून तीन वर्षं. पोलिसांत धावायचं ते सही वडिलांची नाहीच असं वाटत असेल तरच.

माझं हे सगळं उत्तर ज्यावर अवलंबून आहे त्या दोन गोष्टी मला इथून दिसत नाहीत: नर्सिंगच्या नोंदी काय म्हणतात, आणि वडिलांनी आजाराआधी कधी कोणाला सांगितलं होतं का, की ‘विमा मुलाला देणार’. दुसरी गोष्ट भावाकडे असेल तर ती जड आहे. आधीपासूनची इच्छा आणि नंतरची सही जुळत असेल, तर न्यायालय थोडं धूसर भानही समजून घेतं. तुमच्याकडे उलट पुरावा असेल, म्हणजे वडील नेहमी ‘हे तुझ्या आईच्या म्हातारपणासाठी’ म्हणायचे असं सांगणारा मित्र, ऑफिसातला सहकारी, बँकेतला माणूस, तर त्याचं नाव आजच लिहून ठेवा.

आणि आता आई. दावा तिच्या नावाने असायला हवा, कारण गेलंय ते तिचं. ती भावाकडेच राहते. वकीलपत्रावर सही केल्यावर तिला रात्री त्याच घरात जेवायला बसायचं आहे. येत्या रविवारी तिला एकटीला तुमच्याकडे आणा. जावई नको, मुलं नकोत. तिला कागद दाखवण्याआधी विचारा, तुला काय हवंय? कदाचित ती म्हणेल, सगळे पैसे परत हवेत. कदाचित म्हणेल, निम्मे माझ्या नावाने बँकेत ठेवायला सांग, बाकी त्याला राहू दे. तसं असेल तर दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करा, पण कंपनीचं पत्र देऊन झाल्यावरच. मी अशा कित्येक वादांत भाऊ पहिल्या बैठकीत ओरडताना पाहिलेत आणि तिसऱ्या बैठकीत आईसाठी मुदत ठेवीचा फॉर्म भरतानाही.

ती लढायला तयार असेल, तर तिचं म्हणणं तिच्या शब्दांत, तिला वाटेल त्या क्रमाने लिहून घ्या. त्या पाचव्या दिवशी ती वॉर्डात होती का, बाबा तिच्याशी काय बोलले, त्यांनी तिला ओळखलं का. माझ्यासमोर अशी प्रकरणं येतात तेव्हा मी डॉक्टरांच्या फाईलआधी हे पान मागते.